उशीर कोणाचा?

गेल्या आगमनकाळातली गोष्ट. त्या महिन्यात आईच्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. लग्नघरात म्हणावयाची जुनी गाणी तिला मुखोद्गत आहेत. ती कुठे लिहिलेली नाहीत, आणि सबंध म्हणू शकतील अशा स्त्रिया आमच्या गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. तिचा आवाज जतन करून ठेवावा, असे फार दिवस मनात होते. घराच्या मागच्या खोलीत संगणक, एक लहानसा ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि गायकवृंदासाठी मी वाजवतो तो कीबोर्ड एवढी सामग्री मांडली आणि कामाला लागलो.

प्रारंभीच कीबोर्डने छळले. एक पट्टी दाबली की दोन सूर उमटत. हे समजण्यासाठी मिडी म्हणजे काय ते ठाऊक हवे. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडून दाखवण्यात आले, आणि एकाचे वादन दुसऱ्यातून उमटले. ज्या दोघांनी या कामी पुढाकार घेतला त्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या तारेतून आवाज जातच नाही. जाते ती केवळ आज्ञा: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. माझा कीबोर्ड स्वतः वाजत होता आणि संगणकाकडून परत आलेल्या आज्ञेनेही वाजत होता. त्यातील ‘लोकल कंट्रोल’ बंद करताच दुसरा सूर नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मुकाच झाला. तार बदलली, संगणक पुन्हा सुरू केला, व्यर्थ. अखेरीस उमगले की, मुलाचा संगीत शिकवणारा प्रोग्रॅम संगणकासोबत आपोआप सुरू होई आणि पडद्याआड राहून मिडीची वाट अडवून बसे. कित्येक ड्रायव्हर ही वाट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला देतात. पहिला आला तो धनी, दुसरा दाराबाहेर. तो प्रोग्रॅम बंद केला आणि कीबोर्ड बोलू लागला. माझा आत्मविश्वास वाढला. तेच वाईट झाले.

मी आधी साथ वाजवून घेतली आणि मग आईच्या कानांवर हेडफोन चढवला. ती डोळे मिटून गायली. ऐकून पाहिले तर तिचा प्रत्येक शब्द ठोक्याच्या मागे. पुन्हा घेतले, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला माझा संयम सुटला. “आई, तू मागे पडतेस. ठोका ऐक ना जरा!” ती काही बोलली नाही. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “माझा आता ताल राहिला नाही रे. राहू दे.” त्यानंतर आठ दिवस तिने त्या खोलीत पाऊल टाकले नाही. रागाच्या भरात मी चारपैकी तीन ध्वनिमुद्रणे पुसून टाकली.

उरलेले एक एका रात्री सहज ऐकत बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली. तिचा उशीर पहिल्या कडव्यात जेवढा, तेवढाच शेवटच्या कडव्यात. माणसाची चूक कधी अशी असते काय? माणूस कधी मागे पडतो, कधी घाई करतो. मोजून तेवढाच उशीर करते ते यंत्र.

मग इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या मार्गातून एक तार काढून त्याच्याच आत येणाऱ्या मार्गात जोडली. संगणकातून टकटक असा ठोका सोडला आणि तोच परत मुद्रित केला. मध्ये गाणारे कोणीही नव्हते. तरी ठोका सुमारे ४,००० नमुने मागे पडला. सेकंदाला ४४,१०० नमुने, या हिशेबाने हा उशीर ९१ सहस्रांश सेकंदांचा होतो. माझा प्रोग्रॅम संगणकाच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालत होता. ध्वनी बाहेर जाऊन परत येण्यास किती वेळ लागतो, हे तो ड्रायव्हर प्रोग्रॅमला खरे सांगत नव्हता. इंटरफेससोबत आलेला एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर मी कधी बसवलाच नव्हता. तो बसवला, बफर २५६ नमुन्यांवर आणला, म्हणजे जेमतेम ६ सहस्रांश सेकंद, आणि तीच परीक्षा पुन्हा केली. ठोका आपल्या जागी आला.

मग माझी साथ का मागे पडली नव्हती? उत्तर शोधताना मान खाली गेली. माझे वादन म्हणजे मिडीच्या आज्ञा. त्या प्रोग्रॅमने ओढून नेमक्या ठोक्यावर बसवल्या होत्या. माझ्या चुका यंत्राने मुकाट्याने पोटात घातल्या. आईचा आवाज मात्र खरा आवाज होता. त्यावर यंत्राचा दोषही चढला आणि माझा बोलही.

सकाळी आईजवळ जाऊन हे सारे सांगितले. नमुने, बफर यांतले तिला काही कळले नसावे. तिने एवढेच विचारले, “म्हणजे मी चुकले नव्हते ना?”

“नाही आई. चुकलो मी.”

दुपारी ती स्वतःहून खोलीत आली. त्या आठवड्यात सात गाणी झाली. पहिल्या दिवशीच्या एका गाण्याची दोन कडवी मात्र तिला आता काही केल्या आठवत नाहीत. ती पुसलेल्या ध्वनिमुद्रणांत होती. ४,००० नमुने पुढे सरकवले असते, तर तीही जागेवर बसली असती. जे नासले असे वाटते ते पुसण्याची घाई करू नये, आणि गाणाऱ्याला बोल लावण्याआधी तार जोडून ठोका तपासावा, एवढे मी शिकलो. ती दोन कडवी ठाऊक असलेले कोणी गावात भेटते का, याचा शोध अजून चालू आहे.