बोटाखालची वाळू

सहा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर सोनेरी मण्यांचा हजाराचा ठोकळा ठेवला की हात किंचित खाली जातो. त्याआधी एक सुटा मणी येऊन गेलेला असतो, मग दहा मण्यांची तार, मग शंभराची चौकट. एकक, दशक, शतक त्याला अजून पाठ नसतात. पण एक आणि हजार यांत केवढं अंतर आहे, ते मनगटाला कळून चुकलेलं असतं. चेन्नईत आमच्या घराजवळच्या आंतरराष्ट्रीय शाळेत मी लहान वर्गांना गोष्टी सांगायला जाते. गोष्ट संपते, पण पाय निघत नाही. मग कोपऱ्यातल्या चटईवर बसून राहते.

वर्गात कोरियाची, जपानची मुलं आहेत. तमिळ, तेलुगू, मारवाडी घरांतली आहेत आणि पुण्याहून बदली होऊन आलेली एक चिमुरडीही. शाळा सुरू होते तेव्हा निम्म्याजणांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. बाई त्यांच्यापुढे चिंचोके ठेवतात आणि पल्लांगुळीचा चौदा खळग्यांचा लाकडी पट मांडतात. एकेका खळग्यात एकेक चिंचोका टाकत पुढे जायचं. कोरियाचा मुलगा त्याच्या भाषेत मोजतो, पुण्याची पोर ओठातल्या ओठात मराठीत मोजते आणि दोघं बरोबर एकाच खळग्यापाशी येऊन थांबतात. मग एकमेकांकडे बघून हसतात. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमते.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती खरखरीत कागदाच्या अक्षरांची. गुळगुळीत पाटीवर वाळूच्या कागदाचं कापलेलं अक्षर चिकटवलेलं असतं. मूल तर्जनी आणि मधलं बोट जोडून त्यावरून सावकाश फिरवतं, तोंडाने त्याचा उच्चार करतं. काही मुलं डोळे मिटून घेतात. वळणाशी बोट अडखळतं, मागे येतं, पुन्हा निघतं. बाई मध्ये बोलत नाहीत. अक्षर बोटातून आत उतरत असतं, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागतो.

या शहराची आणि वाळूची ही ओळख जुनी आहे. १७८९ साली एग्मोरमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे त्याची देखरेख आली. इथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि तीच रीत आश्रमात आणायची ठरवली. शिक्षकांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा त्याने एका आठ वर्षांच्या मुलाला लहानग्यांचा गुरू केलं. १७९७ साली लंडनमध्ये बेलचं पुस्तक निघालं आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर हजारो शाळांत पोचली. आपल्या गावठाणातल्या धुळपाटीची ही सख्खी बहीण. पण सातासमुद्रापार जाताना तिचा निवांतपणा इथेच राहिला. तिकडे एका दालनात शेकडो मुलं बसवली गेली, हुकमाबरहुकूम बोटं फिरू लागली. वाळू तीच होती, थांबायला मात्र कुणाला सवड नव्हती.

ती सवड पुन्हा या शहरात आली १९३९च्या नोव्हेंबरात. थिऑसॉफिकल सोसायटीच्या जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवींच्या निमंत्रणावरून, ज्यांच्या पद्धतीतून हे सोनेरी मणी आणि ही खरखरीत अक्षरं आली, त्या मारिया माँटेसरी अडयारला उतरल्या. वय एकोणसत्तर. झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत देशभरातून आलेले सुमारे तीनशे शिक्षक बसले. बाई इटालियनमध्ये बोलत, त्यांचा मुलगा मारिओ वाक्यावाक्याला थांबून इंग्रजी करून सांगे. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, आणि मारिओची रवानगी झाली आपल्या अहमदनगरला, नजरकैदेत. बाईंना अडयारचं आवार सोडायची मनाई झाली. ३१ ऑगस्ट १९४०ला, त्यांच्या सत्तरीच्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मायलेकरांची भेट घडवली. शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून निर्बंधांत राहिलेल्या या बाईंनी पुढे कोडाईकनालच्या गारव्यात सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी विश्वाची कहाणी रचली. पृथ्वी कशी थंड झाली, पाणी कुठून आलं, जीव कसा अवतरला. जग एकमेकांवर बॉम्ब टाकत होतं, तेव्हा तमिळनाडूच्या डोंगरात कुणीतरी मुलांना सांगत होतं की हे सगळं घर एकच आहे.

त्या कहाणीची एक पट्टी आमच्या वर्गातही निघते. लांबलचक काळं कापड मुलं ओसरीभर उलगडत नेतात. हा पृथ्वीचा काळ. चालून चालून टोक येतं, तिथे लाल रंगाची बारीक रेघ. हा माणूस. परवा एक जपानी मुलगी त्या रेघेशी उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

हे सारं महागड्या शाळेचं कौतुक म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. ते गरीब मुलांपर्यंतही पोचायला हवं, हे ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखलं होतं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम केलेल्या, दादरला १९३६ साली शिशुविहार काढणाऱ्या ताराबाई १९४५ला बोर्डीत आल्या, १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर. विकतची साधनं परवडणार नव्हती. मग शंख, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. वारली पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथेच राबल्या.

सोनेरी मण्यांना पैसे पडतात, चिंचोक्यांना पडत नाहीत. ताटभर वाळू कुठल्याही नदीकाठी मिळते. दुर्मीळ असतं ते मुलाचं बोट वळणाशी अडखळल्यावर गप्प राहणारं मोठं माणूस, आणि त्याला गप्प राहता यावं एवढी लहान पटसंख्या. श्रीमंत पालक आज फी भरून विकत घेतात तो हाच वेळ. तो जिल्हा परिषदेच्या पहिलीतल्या मुलाच्याही हक्काचा आहे. सरकारने त्याच्या वर्गात पुरेसे शिक्षक द्यावेत, अभ्यासक्रमाची घाई थोडी उतरवावी, आणि मग बाईंना निश्चिंतपणे त्याच्याशेजारी चटईवर बसू द्यावं.