न्हाणीघराचा उंबरा

आमच्या न्हाणीघराला चार इंच उंच उंबरा होता. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा त्यांनीच तो मुद्दाम तसा करून घेतला होता. आत शहाबादी फरशी, कोपऱ्यात सिमेंटचा हौद, पलीकडे एका पायरीवर भारतीय पद्धतीचं संडास. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हौद भरलेला असणं ही श्रीमंतीच. आणि उंबरा उंच कशाला? तर न्हाणीघराच्या दारासमोरच अम्मांची खोली. दारापासून सहा पावलांवर त्यांचा मुसल्ला अंथरलेला असतो. आतलं पाणी बाहेर आलं, तर जागा नापाक. चार इंचांच्या त्या दगडावर अम्मांचा चाळीस वर्षं विश्वास होता.

जानेवारीत फजरच्या आधी त्याच दगडाला त्यांचा अंगठा अडला. पडताना त्यांनी टॉवेलच्या दांडीला धरलं. दांडी स्क्रूसकट भिंतीतून निघून हातात आली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

हे एवढंच असतं, तर कदाचित आम्ही त्या दगडावर पिवळा पट्टा मारून मोकळे झालो असतो. पण मार्चमध्ये अम्मांना ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "दो गिलास." मगरिबनंतर तर एक घोटसुद्धा नाही. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं, उठलं की उंबरा ओलांडावा लागतो. त्यांनी आपला हिशोब करून टाकला होता आणि घरात कुणाला सांगितला नव्हता.

याची मला फार लाज वाटली. आमच्या वर्गातल्या मुली शाळेत संडासला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे. मी त्यांना रागावते, बाटली समोर धरून प्यायला लावते. आणि घरात, एका भिंतीपलीकडे, सत्तरी ओलांडलेली बाई तेच करत होती आणि मला दोन महिने कळलं नाही.

मेच्या सुट्टीत काम काढलं. मिस्त्री म्हणाले, बारा दिवस. लागले तेवीस. मधे त्यांच्या पुतणीचं लग्न, मग फरशीवाला कारागीर राजस्थानात गावी गेला, मग टाइल्सच्या दोन पेट्यांचा रंग बाकीच्यांशी जुळेना. ज्यांनी घरात राहून घराचं काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पिठाच्या डब्यात सिमेंट, कुराणशरीफच्या जुजदानावर सिमेंट, चहावर सिमेंटची साय. लहान मुलगी दहावीची वह्या-पुस्तकं घेऊन गच्चीवर राहायला गेली ती काम संपेपर्यंत खाली आली नाही.

आणि न्हाणीघर? शेजारच्या काकूंचं. त्यांनी आपण होऊन किल्ली दिली. त्यांच्याकडे कमोड आहे. अम्मांचं कमोडविषयी एक ठाम मत होतं, की खुर्चीवर बसून माणूस पाक होत नाही. पहिल्या दिवशी त्या काकूंकडे जायला तयारच होईनात. दुसऱ्या दिवशी गेल्या. चौथ्या दिवशी मी त्यांना घ्यायला गेले तर दोघी स्वयंपाकघरात बसून गुडघ्यांच्या तेलाची चर्चा करत होत्या. घरी येताना जिन्यात अम्मा म्हणाल्या, "वैसाच लगवा." मी काही बोलले नाही. बोलले असते तर मत बदललं असतं.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न नवऱ्याला होता. सगळेच प्रश्न नवऱ्याला असत, तो कामावर गेलेला असला तरी. फोन लावून त्याला विचारायचे आणि मी शेजारी उभी. प्रश्न असा, की सीट उत्तर-दक्षिण ना? आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, त्यामुळे बसताना तोंड किंवा पाठ तिकडे नको. मला वाटलं, मुसलमानांच्या मोहल्ल्यात कामं करून ते शिकले असतील. तर म्हणाले, "नाही मॅडम, वास्तूवालेपण उत्तर-दक्षिणच मागतात. मी सगळ्यांना एकच बसवतो." चला, एक प्रश्न दोन्हीकडून सुटला.

खरं भांडण उंबऱ्यावरून झालं. अम्मांना तो पूर्वीसारखा चार इंच हवा. ज्या दगडानं हात मोडला तोच. मिस्त्रींना दोन इंच, कारण "सगळीकडे दोनच असतो". मला अजिबात नको. नवऱ्याला बकरी ईदच्या आत काम संपायला हवं. मी अम्मांना समजावलं, पडण्याची भीती घातली, प्लास्टरची आठवण दिली. त्यांचं एकच, "पानी भार आया तो? मैं नमाज कां पढूं?" ही माझ्या मते हट्टाची गोष्ट नव्हती. पाकीची शंका एकदा मनात शिरली की नमाजमध्ये लक्ष लागत नाही, रकात मोजताना चूक होते, माणूस पुन्हा वजूला उठतो. याला आपल्याकडे वस्वसा म्हणतात. अम्मांना तो आहे, मला लग्नापासून माहीत आहे. घसरण्याची भीती तिच्यापुढे लहान.

तेव्हा सासऱ्यांच्या कपाटातलं उर्दू तर्जुम्याचं इब्ने माजा काढलं. तहारतच्या प्रकरणात हदीस आहे, की आंघोळीच्या जागी कुणी लघवी करू नये, कारण बहुतेक वस्वसे त्यातूनच येतात. हे अम्मांना पाठच होतं. त्यांच्या उंबऱ्याचा पाया तोच. पण त्याच हदीसखाली इब्ने माजांनी आपल्या उस्तादांचं, अली बिन मुहंमद तनाफिसींचं, म्हणणं नोंदवलं आहे. ते म्हणतात, हे तेव्हाचं, जेव्हा आंघोळीची जागा म्हणजे जमिनीतला खड्डा असायचा. आता न्हाणीघरं चुना, सारूज आणि डांबर वापरून बांधतात. त्यावर पाणी ओतलं की हरकत नाही.

मी ते दोनदा वाचलं. नवव्या शतकातला मुहद्दिस, आणि तो सिमेंटवाल्यासारखा जमिनीच्या मालाविषयी बोलतोय! खड्ड्यात पाणी साचतं, मुरतं, शिंतोडे उडतात. पक्क्या जमिनीवरून ते वाहून जातं. म्हणजे प्रश्न भिंतीचा किंवा उंबऱ्याचा नव्हताच, उताराचा होता.

अम्मांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हमारी शाबादी भी तो पक्कीच थी." बरोबर होतं. पक्की होती, पण तिचे सांधे उघडे पडलेले, मधली फरशी दबलेली, आणि पाणी तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत साचून असायचं. चाळीस वर्षं आम्ही आत डबकं ठेवलं आणि बाहेर धरण बांधलं. हे मी त्यांना म्हटलं नाही, इथे लिहिते आहे.

त्यांनी अट घातली. उंबरा नको, कबूल. पण मी दोन बादल्या पाणी ओतून बघणार, आणि एक थेंब बाहेर आला तर पुन्हा चार इंच.

आता मिस्त्री. त्यांचं म्हणणं, जमीन खाली नेता येणार नाही, कारण नहाणी ट्रॅपचा पाइप बोळातल्या चेंबरला जातो आणि त्यालाही उतार लागतो. आत खाली नेलं तर पाइप सपाट पडेल, तुंबेल. मुद्दा खरा होता. पण चेंबर किती खोल आहे हे कुणी मोजलं नव्हतं. मी झाकण उघडायला लावलं. पाणी भरलेली लेव्हलची नळी एका टोकाला त्यांच्या पोरानं धरली, दुसऱ्या टोकाला मी. चेंबर चांगला पाच इंच आणखी खोल निघाला. मिस्त्री म्हणाले, "मग होईल." पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले.

जुन्या शहाबाद्या निघाल्या, खालची माती-मुरूम निघाला, वॉटरप्रूफिंग झालं, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. दाराशी जमीन खोलीच्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली, आणि तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत उतार, चार फुटाला पाऊण इंच. वर खडबडीत, एक फूट बाय एक फुटाच्या टाइल्स. गुळगुळीत मोठ्या टाइल्स नवऱ्याला आवडल्या होत्या, त्या भिंतीला लावल्या.

टाइल्स बसल्यावर मी मुलीच्या जुन्या खेळण्यांतून एक गोटी काढली. दाराजवळ सोडली. गोटी निघाली, ऐटीत चार टाइल्स गेली आणि कमोडजवळ थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. फरशीवाला हसला. मी बादलीभर पाणी ओतलं. जिथे गोटी थांबली तिथेच बशीएवढं पाणी थांबलं. मिस्त्री म्हणाले, "वायपर मारला की जातं मॅडम, पंधरा दिवसांत सवय होईल." सवय! या घरात सवयीनंच तर सगळं घडलं होतं. मी म्हटलं, सहा टाइल्स काढा. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. नवरा फोनवर मला म्हणाला, जाऊ दे ना, एवढंसं पाणी. मी फोन मिस्त्रींना परत दिला आणि म्हटलं, सहा काढायच्या, या इथून.

काढल्या. मजुरी जास्तीची द्यावी लागली आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. दुसऱ्यांदा गोटी थेट जाळीवर जाऊन बसली.

मोठं काम झालं की कारागिरांचं लक्ष उडतं. कडा, पट्ट्या, कोपरे शेवटच्या दिवशी उरकतात, आणि हात-पाय नेमके तिथेच लागतात. दाराला ग्रॅनाइटची चौकट बसवली. तिची खालची पट्टी खोलीच्या फरशीशी एकसारखी, पण आतल्या अंगाला अर्ध्या इंचाची धारदार कड. अनवाणी पायाला सुरीसारखी. ती मशिननं घासून उतरती करून घेतली. कोनाड्याच्या कडेला टाइल्स पंचेचाळीसच्या कोनात कापून जोडायच्या होत्या. एका ठिकाणी टवका उडाला आणि त्यात पांढरं सिमेंट भरून त्यांनी मला ते दिसू नये म्हणून वर साबणाची डिश ठेवली. सापडलं. तिथे प्लास्टिकची गोल कोपरापट्टी लावली. दिसायला साधी आहे, पण हात घासला तर कापत नाही.

धरायच्या दांड्या लावताना मिस्त्री नेहमीच्या उंचीवर खुणा करू लागले. मी अम्मांना बोलावलं. नव्या कमोडवर झाकण लावून, साडी-पदर सावरून त्या सगळ्यांसमोर बसल्या, आणि हात आपोआप जिथे गेला तिथे मी पेन्सिलीनं रेघ मारली. नेहमीच्या खुणेच्या चार बोटं खाली. दांडी टाइलला नाही, आत विटेपर्यंत जाणाऱ्या बोल्टनं पकडली आहे. मिस्त्रींनी स्वतः लोंबकळून दाखवलं. वजूसाठी दोन फुटांवर एक वेगळा नळ घेतला, समोर स्टूल. अम्मा मात्र अजून तोटीचा बदनाच भरून घेतात. एका बदन्यात त्यांचा वजू होतो. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे मी माझ्या मुलींना शिकवू शकलेले नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते म्हणून एक गंमत लक्षात आली. फरशी, हौद, दरवाजा, कारागीर हे मिस्त्रींच्या तोंडचे शब्द माझ्या उर्दूच्या तासातून आलेले, आणि उंबरा, ओळंबा, गवंडी मराठीच्या. तेवीस दिवस आम्ही याच खिचडीत भांडलो आणि कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही.

ईदच्या दोन दिवस आधी अम्मांची परीक्षा झाली. त्यांनी स्वतः दारात उभं राहून मला दोन बादल्या ओतायला लावल्या. पहिली हळू. दुसरी, त्यांच्या सांगण्यावरून, जोरात. पाणी भिंतीला आपटलं, फिरलं, दाराकडे निम्म्यापर्यंत आलं आणि मागे वळून जाळीत गेलं. अम्मांनी वाकून ग्रॅनाइटच्या बाहेरची फरशी तळहातानं चाचपली. मग तळहात पदराला पुसला. "सुकीच है," म्हणाल्या.

तरी दाराबाहेर रोज एक कोरडं फडकं अंथरलेलं असतं. ते कोण टाकतं हे कुणी विचारत नाही. मुसल्ला मात्र दीड हात पुढे सरकला आहे.

परवा मध्यरात्री मला फ्लशचा आवाज आला. मी उठायला पाय खाली टाकले आणि तशीच बसून राहिले. पावलं ऐकू आली, नेहमीच्या चालीनं, मग पलंगाचा आवाज. सकाळी मी सहज म्हटलं, रात्री उठला होतात वाटतं. अम्मा चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "तीन दफा उठी. तेरेकू एकीच बार सुनाया?"