माळ घालण्याआधी, आबा

ती. आबांस,


रविवारचा सांगोल्याचा बाजार उरकून आपल्या अंगणात काविळीच्या माळेसाठी बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. तुम्ही कुणाकडून कधी पैसा घेतला नाही, म्हणून लोक तुमचं ऐकतात. म्हणूनच हे पत्र तुम्हाला. छापायला अशासाठी देतोय की असे आबा प्रत्येक तालुक्यात आहेत.

माळ लांबली की कावीळ उतरली, असं लोक धरतात. ती का लांबते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ओल्या काड्यांचे तुकडे सरकत्या गाठींनी ओवलेले असतात. ते वाळून आकसले की गाठी सैल होतात, दोरा सुटत जातो आणि माळ पोटापर्यंत येते. तोवर कावीळही उतरलेली असते, कारण दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. 2012 मध्ये इचलकरंजीत साथ आली तेव्हाही बहुतेक रुग्ण सावरले, काही दगावले. माझी नोकरी अतिदक्षता विभागात, त्यामुळे मला भेटतात ते न सावरणारे.

त्यांच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कावीळ किती आहे? सगळ्यांचा जीव कावीळ मोजणाऱ्या त्या बिलीरुबिनमध्ये अडकलेला. एसजीपीटी 3000 वरून 400 वर आलं की घरी फोन जातो, उतार पडला म्हणून. आबा, हा उतार फसवा असू शकतो. यकृताच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात सांडतं. फुटायला पेशीच उरल्या नाहीत तरी आकडा खालीच येतो. एसजीपीटी उतरतंय आणि बिलीरुबिन, आयएनआर चढतायत, असा रिपोर्ट हातात आला की आमच्या पोटात गोळा येतो.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा हिशेब. गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं, आणि त्यातला एक तर काही तासांतच निम्म्यावर येतो. म्हणून यकृत थकलं की ते इथं लवकर कळतं. निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. आधी यकृताचा आजार नसलेल्या माणसाचा 1.5 किंवा त्याच्या वर गेला आणि जोडीला भ्रम सुरू झाला, तर यकृत निकामी होतंय असं आम्ही धरतो.

भ्रम म्हणजे नुसती बडबड नव्हे. दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागा, हीसुद्धा सुरुवात असते. गरीब स्वभावाचा माणूस एकदम शिवीगाळ करतो, नेहमीची सही वाकडी येते, वार विचारला तर अडखळतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, झोपू द्या. तुम्ही एक करा. एसटी थांबवायला करतो तसे दोन्ही हात पुढे करून, तळवे उभे ठेवून, बोटं पसरायला सांगा. पंजे मधूनच गळून पुन्हा वर आले तर पुढचं सगळं थांबवून 108 ला फोन करा.

पुढे काय होणार हे आम्ही तरी कशावरून सांगतो? लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने 588 रुग्णांच्या नोंदी तपासून 1989 मध्ये निकष मांडले : वय, आजाराचं कारण, बिलीरुबिन, रक्त गोठण्याचा वेळ, आणि कावीळ दिसल्यापासून किती दिवसांनी भ्रम आला. त्यातलं शेवटचं उफराटं आहे. आठवड्याच्या आत भ्रम आला तर वाचण्याची आशा जास्त, उशिरा आला तर कमी. आपल्याकडच्या रुग्णांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये वेगळी रीत मांडली. अमोनिया, आयएनआर, बिलीरुबिन आणि भ्रमाची पायरी, हे चारही एकदा मोजून सोडायचे नाहीत, तीन दिवस त्यांची चाल पाहायची. मला हे जास्त पटतं.

पण ते तीन दिवस जिथं यकृत बदलता येतं तिथं गेले पाहिजेत. सांगोल्याहून पुणे 200 किलोमीटरच्या वर. यकृताचा तुकडा द्यायला भाऊ, बायको, मुलगा तयार झाला तरी त्याच्या तपासण्या, कागदपत्रं आलीच. काही रुग्णांना अॅसिटिलसिस्टीन या औषधाचा उपयोग होतो, पण तो भ्रमाच्या पहिल्या पायऱ्यांवर. माळ निरुपद्रवी आहे हो, मला राग आहे तो ती लांबायची वाट पाहण्यात जाणाऱ्या आठवड्याचा.

पोटुशी बाई आली तर एक दिवसही थांबवू नका. शेवटच्या तीन महिन्यांत ई काविळीने शंभरातल्या वीस-पंचवीस जणीही दगावू शकतात. आणि काढा कुणालाच देऊ नका. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. तो मिटेपर्यंत पिवळ्या डोळ्यांच्या माणसाच्या पोटात मुळी कशाला?

येत्या रविवारी जे येतील त्यांना आधी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आणि पीटी-आयएनआर करून आणायला सांगा. रिपोर्टचा फोटो धाकट्याकडून मला व्हॉट्सअॅपवर पाठवा, रात्री दोनला आला तरी पाहीन. माळ घालायचीच असेल तर रिपोर्ट पाहून घाला. काकींना नमस्कार. डाळिंबाला यंदा तेल्या कितपत आहे तेही कळवा.

तुमचा पुतण्या