आठवण जाते, माया जात नाही

कॅनडातील टोरांटो शहरात बेक्रेस्ट ही वृद्धांची संस्था आहे. तिथल्या ज्यू समाजाने, त्यातही स्त्रियांनी पुढाकार घेऊन १९१८ साली वृद्धांसाठी एक घर सुरू केले. त्याचीच ही वाढ. तिथे राहणाऱ्या, स्मृती हरवत चाललेल्या वृद्धांवर ॲलन किंग यांनी २००५ साली 'मेमरी फॉर मॅक्स, क्लेअर, आयडा अँड कंपनी' हा माहितीपट काढला. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. तिथले रोजचे जगणे कॅमेरा नुसता पाहत राहतो.

त्यात एका आजींचा तिथलाच जिवलग सोबती वारतो. कळताच त्या हमसून रडतात. मग विसरतात. पुन्हा कळते, तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळतात.

माझ्या आईलाही हाच आजार आहे. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. तरी दिवेलागणीला ती विचारते, "तुझे बाबा ड्युटीवरून आले नाहीत का गं अजून?" गल्लीतल्या बाया म्हणतात, म्हातारचळ लागलाय. लोकांची धुणीभांडी करून जिने आम्हा चौघा भावंडांना शिकविले, तिच्या वाट्याला शेवटी हा शब्द! हा चळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. आठवण जाते, माया जात नाही. म्हणूनच ती वाट पाहते. मी तिचा हात धरून सांगते, "आई, बाबा गेले गं. आपण सगळे जवळ होतो." ती रडते. मी बसून राहते.

रोज असे बसायला बळ लागते. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता, कुणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि भिक्खूंना बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

आपल्या वस्त्यांतही असे आईबाप आहेत. त्यांचे सारे करणारी बहुधा एकटी लेक किंवा सून असते. तिला घटकाभर उसंत नसते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, ते व्हावेच. पण महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार या वृद्धांसाठीही राखावी. टोरांटोच्या बायांना आधी घर मिळवावे लागले. आपला विहार तर बांधलेला आहे. फक्त दार उघडायचे आहे.