कातिब आहे, जिल्दसाज नाही

आमच्या खानदानात आजवर ‘टूल्स’ म्हणजे भावजींच्या गॅरेजमधले पाने, पक्कड आणि जॅक. लातूरला त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला गेली आणि ‘डेव्हलपर टूल्स’ हा नवा शब्द घरात आला. मी नांदेडला उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझं नातं प्रश्नपत्रिका टाईप करण्यापुरतं. पण खानदानात इंग्रजी वाचून अर्थ लावणारा मामू एकच, त्यामुळे भाचीचा प्रत्येक अडलेला फोन माझ्याकडे येऊ लागला. त्या वर्षभरात जे दिसलं ते लिहावंसं वाटलं, कारण ही अडचण फक्त आमच्या घरची नाही.

आधी शब्दाबद्दल थोडं. कंपायलरला मराठीत ‘संकलक’ म्हणतात. उर्दूत त्याच अर्थाचा आपला ओळखीचा शब्द आहे ‘मुरत्तिब’. कुठल्याही निवडक गझलांच्या किताबावर शायराच्या नावाखाली मुरत्तिबचं नाव असतं, ज्यानं इकडचं तिकडचं गोळा करून क्रमानं लावलं तो. मला वाटायचं, माणसानं लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला ‘मुतर्जिम’, म्हणजे अनुवादक, म्हणायला हवं. मग वाचनात आलं की १९५२ साली ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंनी ए-झिरो नावाची पहिली अशी व्यवस्था बनवली, तेव्हा तिचं मुख्य काम आधीच तयार असलेले तुकडे टेपवरच्या संग्रहातून शोधून एकत्र जोडणं हेच होतं. म्हणजे खरोखरच संकलन. शब्द बरोबर होता. ही जोडण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे.

पहिल्या वर्षी भाचीला सी भाषा होती. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत अजूनही टर्बो सी++ वर शिकवतात. निळ्या पडद्याचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आलं, म्हणजे हा कंपायलर त्या प्रमाणाहूनही वडीलधारा. तो १६ बिटच्या डॉस यंत्रासाठी बनलेला, आजच्या ६४ बिट विंडोजवर तो सरळ चालतच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाचं एक नकली जुनं यंत्र आत उभं करायचं आणि त्यात तो चालवायचा. मुलं पहिल्याच दिवशी शिकतात ती ही कसरत. तिथे लिहिलेला प्रोग्राम आजच्या कंपायलरमध्ये टाकला की हेडरच्या नावापासूनच चुका निघतात. भाचीनं मला विचारलं, “मामू, पेपर में जो बराबर है, वो बाहर गलत कैसा?” व्याकरणाच्या शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. बोलीतलं प्रमाणभाषेत चुकीचं ठरतं, हे आपण रोज पाहतो.

मग तिनं घरच्या लॅपटॉपवर मोफत मिळणारा एक नवा सी कंपायलर टाकला. तो उघडायचा, पण पाच ओळींचा प्रोग्रामही पुरा करायचा नाही. संदेश यायचा की अमुक फाईल सापडत नाही, आणि फाईलच्या पत्त्यात मधोमध नुसती प्रश्नचिन्हं. ती प्रश्नचिन्हं म्हणजे तिचं नाव होतं. लॅपटॉप घेतला तेव्हा भावजींनी हौसेनं खात्याचं नाव मुलीच्या नावानं, उर्दू लिपीत टाकून घेतलं होतं. विंडोज त्याच नावाचा फोल्डर बनवतं. कंपायलर काम करताना मधल्या कच्च्या फाईली ज्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो, तोही त्याच नावाच्या आत असतो. त्यामुळे कंपायलर दुसरीकडे टाकूनही सुटका नाही. विंडोजला युनिकोड कळतं, उर्दू आणि मराठी दोन्ही कळतात. पण जुन्या पद्धतीनं लिहिलेली साधनं अक्षरांच्या एका छोट्या तक्त्यावर चालतात. त्या जुन्या तक्त्यांमध्ये उर्दूसाठी अरबीसोबतचा एक तक्ता तरी आहे, तो वेगळा निवडावा लागतो. देवनागरीसाठी तर तसा तक्ता कधी झालाच नाही. म्हणजे नाव मराठीत टाकलं असतं तरी प्रश्नचिन्हंच आली असती. या बाबतीत आपली दोन्ही भाषांची लेकरं एकाच बाकावर.

उपाय सोपा निघाला. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, दुसरं खातं बनवायचं. दहा मिनिटांत प्रोग्राम चालला. भाची खूश झाली. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. काम व्हावं म्हणून नाव बदलून सांगणं आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे, भाड्याची खोली शोधताना, फोनवर नोकरीची चौकशी करताना. इथे कुणाचा आकस नव्हता. साधन बनवणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं की अशा अक्षरांचं नाव असणारी मुलगीही ते वापरेल. पण ध्यानात न येणं हीसुद्धा एक गोष्टच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिनं स्वतःहून रस्ट नावाची भाषा शिकायचं ठरवलं. ग्रेडन होर यांनी मोझिलात असताना घडवलेली ही भाषा, हिची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. सी भाषेत स्मृती हाताळताना होणाऱ्या अनेक घातक चुका ही आधीच पकडते, म्हणून तिचं नाव आहे. रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज असं आम्ही समजलो होतो. होर यांच्या मनात मात्र रस्ट ही बुरशी होती, म्हणजे आपल्या गव्हावर पडणारा तांबेरा. काही केल्या न मरणारी म्हणून त्यांना ती आवडली. आपल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं हे नाव कधी ठेवू दिलं नसतं.

भाचीनं रस्टचा कंपायलर उतरवला. तो आला, आवृत्तीही सांगू लागला. पहिला प्रोग्राम चालवला आणि लाल अक्षरांत ‘एरर’. त्या रात्री ती म्हणाली, “मामू, ये मेरे दिमाग के बाहर का है. मैं सब्जेक्ट बदल लेती.”

मी तिला म्हटलं, लाल शब्दावर थांबू नकोस, पूर्ण संदेश वाचून दाखव. शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना आम्ही हेच सांगतो, की उत्तर उताऱ्यातच असतं. तिनं अडखळत वाचलं. ‘लिंक.ईएक्सई’ नावाचा लिंकर सापडला नाही. खाली आणखी दोन-तीन ओळी होत्या, त्यात चक्क उपाय लिहिला होता, की व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स सी++ च्या पर्यायासह टाका. तिनं त्या ओळी वाचल्याच नव्हत्या. लाल रंग दिसला की डोळे पुढे जात नाहीत. परीक्षेच्या वहीतल्या लाल शाईनं आपणच मुलांना ही सवय लावली आहे.

पण रस्ट शिकायला सी++ ची साधनं कशाला? मला हे समजून घ्यायला दोन दिवस लागले. समजलं ते मी तिला आपल्या किताबाच्या भाषेत सांगितलं. कंपायलर हा कातिब आहे. तो तुझा मजकूर यंत्राच्या अक्षरांत पानापानांवर उतरवतो. पण सुट्या पानांचा किताब होत नाही. ती पानं क्रमानं लावून, ग्रंथालयातले लागणारे भाग जोडून जिल्द बांधणारा जिल्दसाज वेगळा असतो. तोच लिंकर. विंडोजवर रस्ट सहसा स्वतःचा जिल्दसाज आणत नाही, सी++ वाल्यांच्या दुकानात तयार असलेला वापरतो, आणि शिवण्याचं सामान, म्हणजे विंडोजच्या लायब्रऱ्या, तिथलंच घेतो. तुझा कातिब घरी आला आहे, जिल्दसाज अजून आलेला नाही, एवढंच. मागे बसलेले भावजी हसून म्हणाले, “गाडी एक की, पाना दूसरे का. इसमें नया क्या है?” माझ्या दोन दिवसांच्या अभ्यासाचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

आता जिल्दसाजाला आणायचं. हे साहित्य काही जीबींचं. दिवसाला दीड जीबी डेटाच्या मोबाईल पॅकवर ते अर्ध्यात तुटायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. हेही तसंच झालं. बिल्ड टूल्सच्या इन्स्टॉलरमध्ये सगळं सामान एका फोल्डरात उतरवून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सोय आहे. नांदेडला माझ्याकडे ब्रॉडबँड आहे. मी रात्रभर लावून ते उतरवलं आणि पुढच्या रविवारी पेन ड्राईव्ह खिशात टाकून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला गेलो. इन्स्टॉल करताना ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ या चौकोनात टिक करायची, नाहीतर नुसता सांगाडा येतो आणि जिल्दसाज बाहेरच राहतो. मग आधी उघडलेली काळी खिडकी बंद करून नवी उघडायची, कारण जुन्या खिडकीला नवे पत्ते ठाऊक नसतात. एवढं केल्यावर प्रोग्राम चालला.

त्या टिकवरून मला एक जुनी गोष्ट आठवली. विंडोज एक्सपीच्या काळात कॉम्प्युटरवर उर्दू उमटवायची तर सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ अशा एका चौकोनात टिक करावी लागे, आणि वर विंडोजची सीडी मागितली जाई. मजा अशी की मराठीसाठीही तीच टिक होती. एकच चौकोन, त्यात दोन्ही. ज्याला हे सांगणारं कुणी भेटलं नाही, तो ‘या कॉम्प्युटरवर मराठी चालत नाही’ म्हणून घरी गेला. नव्या आवृत्त्यांत ती टिक आपोआप झाली आणि प्रश्न मिटला. म्हणजे अडचण भाषेची नव्हती आणि माणसाच्या डोक्याचीही नव्हती. ती एका चौकोनाची होती.

मला बोलायचं आहे ते याबद्दल. लातूर पॅटर्न म्हणजे सराव, चाचण्या आणि गुण. त्यानं आपल्या भागातल्या मुलांना खूप दिलं. पण कंपायलर बसवणं कुठल्याच पेपरात पाच गुणांनाही येत नाही. प्रयोगशाळेत मुलांना तो आयता बसवलेला मिळतो. घरी मात्र पहिली लढाई तीच असते. ज्याचा मोठा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याचं काम एका व्हिडिओ कॉलवर होतं. ज्याच्या घरात पहिलाच कॉम्प्युटर आहे, तो तीन रात्री झगडून ठरवतो की आपल्याला हे जमत नाही. मुलींचं तर आणखी कठीण, रात्री नऊला मित्राच्या खोलीवर जाऊन विचारण्याची सोय त्यांना नसते. प्रोग्रामिंगमध्ये नापास होण्याआधीच, प्रोग्रामिंगला हातही न लावता, ही मुलं बाहेर पडतात. त्यांची कुठे नोंद होत नाही.

म्हणून जे या क्षेत्रात पुढे गेले आहेत त्यांना एक विनंती. तुम्ही इन्स्टॉल करताना काय अडलं आणि कसं सुटलं, ते एका पानावर मराठीत किंवा उर्दूत लिहून ठेवा. आपल्या गावच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात एक दिवस जाऊन बसा आणि मुलांच्या लॅपटॉपवर त्यांच्याच हातानं बसवून घ्या. आणि शिक्षकांनी पहिला प्रात्यक्षिक तास बेरजेच्या प्रोग्रामला न देता इन्स्टॉलेशनला द्यावा, चुकीच्या संदेशाचं मोठ्यानं वाचन करून घ्यावं. ते कॉम्प्युटरच्या शिक्षकाला जमत नसेल तर भाषेच्या शिक्षकाला बोलवा. आम्हाला तेवढंच तर येतं.

भाचीनं विषय बदलला नाही. असं एक पान तिनं स्वतःच लिहून वर्गातल्या मैत्रिणींना दिलं आहे. त्यातली पहिली सूचना अशी, ‘लाल दिसलं तरी शेवटपर्यंत वाचा.’