मोटारी भरणारा ‘बेरोजगार’

पिंपळीतल्या एका पोराच्या नावापुढे अजूनही ‘बेरोजगार’ असंच असेल. आठवलं की माझं डोकं फिरतं.

कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या मुलांची घरोघर पडताळणी करायचं ते काम. एका संस्थेचं, मानधनावर. शिकून कोण कामाला लागलं ते बघायचं, एवढंच.

पोरगा घराकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुढ्यात उघडलेली पाणबुडी मोटर, तांब्याच्या तारेचे वेढे, वॉर्निशचा वास. नीरा डाव्या कालव्याचा हा ऊसपट्टा. एक फेज गेला की मोटर जळते आणि उन्हाळ्यात ऊस थांबत नाही, म्हणून शेडबाहेर मोटारींची रांग. “शॉप ॲक्ट आहे?” नाही. “उद्यम नोंदणी?” नाही. “धंद्याचे पैसे खात्यावर?” लोक रोख देतात, बरेचसे उसाचं बिल आल्यावर. टॅबवर पुढचा रकाना उघडेचना. त्याची आई म्हणाली, “ताई, जळालेली मोटर घेऊन येणारा कागद नाही बघत, पाणी कधी चालू होईल ते विचारतो.”

कार्यालयात फोन लावला. शेडचा फोटो काढू? चालणार नाही. गिऱ्हाइकांच्या सह्या? नाही. सरपंचांचं पत्र? तसा रकानाच नाही. पोरगं हातातली तार न थांबवता ऐकत होतं. प्रशिक्षणात शिकलेलंच काम करून जो घर चालवतो, तोच कागदावर नापास!

त्याच आळीत शिलाई शिकलेली मुलगी मात्र रोजगाराच्या रकान्यात ‘होय’. तिच्याकडे तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा होत्या. चौथ्या महिन्यात काम सुटलं. शिफ्ट रात्री सुटायची, गाडी फाट्यावर सोडायची, पुढचा अंधारातला रस्ता घरच्यांना नको होता.

या सगळ्यामागं पैशाचं गणित असतं. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेच्या २०१६ ते २०२० च्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला ३० टक्के रक्कम सुरुवातीला, ५० टक्के दाखला मिळाल्यावर आणि २० टक्के नोकरी लागल्यावर, असे हप्ते होते. शेवटच्या हप्त्यासाठी स्लिप लागायची, माणूस टिकला का हे कोण बघत होतं? निदान वर्षानं पुन्हा जावं, आणि शिकवणाऱ्या केंद्राच्या माणसानं तर मुळीच जाऊ नये.

अर्थात पुरावाच नको असंही म्हणवत नाही. त्याच योजनेवरच्या महालेखापरीक्षकांच्या २०२५ च्या अहवालात बहुतेक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं नाहीतर काहीच नाही, असं निघालं. ते वाचून शेडचा फोटो चालवा म्हणणारी मी जरा गप्पच झाले. फोटो काय, कुणीही कुठल्याही शेडचा काढेल.

आणि त्या मुलीचं ‘होय’ मला खोटं वाटत होतं, पण तिला तसं वाटत नव्हतं. “कोर्स चांगला होता ताई. गाडी गावात आली तर उद्या जाते कामावर.”