स्ट्राइक, स्पेअर आणि बँकर

कर्जतला राहणाऱ्या माणसाने आपण 'बँकर' आहोत असं चारचौघांत सांगू नये. मी एकदा सांगितलं आणि गावातली पोरं आठवडाभर माझ्या पाठीमागे शिट्टी वाजवत फिरली. कारण आमच्याकडे बँकर म्हणजे इंजिन. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या प्रवाशांना बटाटेवडा खाता यावा म्हणून, असा पुष्कळांचा समज आहे. वड्याची थोरवी मला मान्य आहे. पण रेल्वे इतकी रसिक नाही. गाडी थांबते ती मागे जादा इंजिनं जोडण्यासाठी. पुढे बोरघाट. सदतीस फूट पुढे सरकावं तेव्हा एक फूट वर, असा त्याचा चढ. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या छातीत तेवढा दम नसतो, म्हणून हे बँकर मागून रेटा देतात. लोणावळा आलं की त्यांना सोडवतात. गाडी ऐटीत पुण्याला जाते आणि बँकर मुकाट्याने उतार उतरून कर्जतला परत येतात, पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहतात. त्यांची नावं गाडीच्या पाटीवर नसतात. आमचीही बँकेच्या पाटीवर नाहीत. तात्पर्य, पोरांचं काही चुकत नव्हतं.

तर हा घाटाखालचा बँकर गेल्या डिसेंबरात बोलिंग खेळायला गेला, त्याची ही हकिगत.

बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली नव्हे. तीही मी एकदा केली आहे. आमच्या शाखेच्या सामन्यात माझी एक ओव्हर संपायला इतका वेळ लागला की पंचांनी मध्येच चहा मागवला. ही बोलिंग वेगळी. आमची लेक बी.कॉम. होऊन लोअर परळच्या एका कचेरीत नोकरीला लागली. कर्जत ते मुंबई जवळजवळ शंभर किलोमीटर. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि उरलेल्या वेळात नोकरी. पहिला पगार झाला तेव्हा तिने देवापुढे पेढे ठेवले, आईला साडी आणली, आणि जाहीर केलं,

"बाबा, रविवारी तुम्हा दोघांना मी बोलिंगला नेणार. माझ्याकडून पार्टी."

"म्हणजे काय करायचं असतं गं?" हिने विचारलं.

"अगं आई, एक जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि समोरच्या दहा पिना पाडायच्या."

"आणि मग त्या उचलायच्या कुणी?"

बावीस वर्षं संसार केलेल्या बाईचा हा प्रश्न होता. लेक हसली. "यंत्र उचलतं, आई. आपण नुसतं पाडायचं."

"मग येते," ही म्हणाली.

रविवारी आम्ही निघालो. दादरला उतरून, पुन्हा धीमी गाडी पकडून करी रोडला आलो. बोलिंगची जागा एका जुन्या गिरणीच्या आवारात होती. चिमणी तेवढी शिल्लक, बाकी सगळी काच. इथे मी जरा रेंगाळलो, कारण माझे वडील गिरणी कामगार. ही त्यांची गिरणी नव्हे, त्यांची इथून दोन भोंगे पलीकडची. साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अडीच लाख माणसं घरी बसली. त्यात आमचे वडील. वर्षभर वाट पाहून ते आम्हाला घेऊन कर्जतला, मूळ गावी परतले आणि भाताच्या गिरणीत हमालीला लागले. "गिरणी काही सुटली नाही बघ," असं ते हसून म्हणत. "कापडाची गेली, भाताची आली." तो विनोद होता हे मला फार उशिरा कळलं, आणि तो विनोद नव्हता हे त्याहूनही उशिरा.

पण रविवार पार्टीचा होता. दारावर रखवालदाराने हिची पिशवी उघडून पाहिली. आत थालीपिठांचा डबा. "बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, मॅडम." हिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं आणि तेही डबा जप्त करताना. ही म्हणाली, "मग तुम्हीच खा. अजून गरम आहेत." परत येताना डबा धुतलेला मिळाला, हे त्या माणसाबद्दल मुद्दाम नमूद करतो.

आत अंधार, निळे-जांभळे दिवे, आणि छातीत धडधड व्हावी इतक्या जोरात गाणी. आधी पैसे भरायचे होते. बँकेतल्या माणसाची नजर अंधारातही आकड्यांवरच जाते. मी पाटी वाचली, तीन माणसं गुणिले दोन डाव असा हिशेब केला, आणि लेक कार्ड पुढे करत असतानाच माझ्या तोंडून गेलं,

"अगं, एवढ्यात माझा लोकलचा सहा महिन्यांचा पास निघेल!"

हिने मला चिमटा काढला. पण चेंडू हातातून सुटला होता. लेक काही बोलली नाही. तिने पैसे भरले, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी आवाज न करता आडवं झालं. चोवीस वर्षं मी लोकांचे पैसे मोजतो आहे. त्या दिवशी न मोजता गप्प राहणं, एवढंच एक काम मला होतं.

पुढचा प्रसंग बुटांचा. आपले जोडे काउंटरवर द्यायचे आणि तिथले बूट घालायचे, कारण गल्लीची लाकडी फरशी गुळगुळीत आणि बूटही तळाशी गुळगुळीत लागतात. देवळात जोडे काढून देव भेटतो; इथे जोडे काढून दुसऱ्याचे जोडे भेटतात. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पंधरा वर्षांची पोरं ठेवीला आलेल्या वस्तूकडे पाहावं तशी त्या अंगठ्याकडे पाहत होती. मग लेकीनेच काउंटरवरून मोज्यांची नवी जोडी घेतली. या वेळी मी किंमत विचारली नाही. प्रगती होती.

आता खेळाविषयी. चेंडूला तीन भोकं असतात: एक अंगठ्याला, दोन मधल्या बोटांना. सगळ्यात जड चेंडू सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. मी अर्थातच तोच उचलला. पिना पंधरा इंच उंचीच्या, चार-तीन-दोन-एक अशा त्रिकोणात उभ्या. सर्वांत पुढची साठ फुटांवर. गल्ली साडेतीन फुटांचीही नाही आणि दोन्ही बाजूंना पन्हळ, तिला गटर म्हणतात. माझ्या चेंडूला कर्जतचं वळण असल्यामुळे तो चार पावलं सरळ गेला आणि गटार दिसताच तिकडे वळला. दुसराही तसाच. पडद्यावर माझ्या नावापुढे शून्य उमटलं. शेजारच्या गल्लीत पाच वर्षांच्या मुलासाठी गटारावर कठडे उभे केले होते. "आपल्यालाही मिळतील का?" असं मी काउंटरवरच्या पोऱ्याला विचारलं. "लहान मुलांना देतो, सर," तो नम्रपणे म्हणाला.

हिने दोन्ही हातांनी चेंडू धरला, पदर खोचला, पायांत अंतर ठेवून वाकली आणि पाट्यावर वरवंटा लोटावा तसा तो लोटून दिला. चेंडू इतक्या सावकाश निघाला की मधल्या वेळात मी एक घोट पाणी प्यायलो. पण गेला सरळ. सात पिना पडल्या. दुसऱ्या चेंडूत उरलेल्या तीन. याला 'स्पेअर' म्हणतात. "शिल्लक राहिलेलं संपवलं, एवढंच," ही म्हणाली. "ते मी रोजच करते."

मला खरा रस वाटला तो गुण मांडण्याच्या पद्धतीत. दहा फेऱ्या, प्रत्येकीत दोन चेंडू. दोन चेंडूंत मिळून दहाही पाडल्या तर स्पेअर, म्हणजे दहा गुण अधिक पुढच्या एका चेंडूचे. पहिल्याच चेंडूत सगळ्या पाडल्या तर 'स्ट्राइक', म्हणजे दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे. तोवर ती रक्कम खात्यात धड जमा नाही, धड बाकी नाही. अहो, हे तर आमचं सस्पेन्स खातं! सलग बारा स्ट्राइक मारले तर तीनशे गुण होतात. त्याहून जास्त होतच नाहीत. आज पाडलेल्याचं मोल उद्या ठरतं, हे तत्त्व मी लेकीला उत्साहाने समजावलं. ती हसली. बिलानंतर पहिल्यांदा.

मी हळूच म्हटलं, "मघाशी मी ते पासाचं बोललो..."

"बाबा, चेंडू टाका."

आणि तिच्या पुढच्या पाळीला चेंडू सरळ गेला, पहिल्या पिनेच्या जरा उजवीकडे धडकला, आणि दहाही पिना एका दमात आडव्या झाल्या. पडद्यावर फुलबाज्या उडाल्या. "बाबा, स्ट्राइक!" ती ओरडली. "स्ट्राइक झाला!" शेजारच्या गल्लीतली पोरंही टाळ्या वाजवू लागली.

आमच्या घरात हा शब्द कधी असा ओरडून म्हटला गेला नव्हता. वडील त्याला संप म्हणत, तेही आवाज खाली आणून. त्याच लोअर परळात एकदा पहिल्याच धक्क्याला सगळे आडवे झाले होते आणि टाळ्या वाजल्या नव्हत्या. त्यांना पुन्हा उभं करायला वरून यंत्रही आलं नाही. ज्याने त्याने आपलं आपण उठून उभं राहायचं होतं. कुणी भाजी विकली, कुणी पाव, कुणी गावी जाऊन भाताची पोती उचलली. आमच्या लहानपणी कर्जतला लगोरी असायची. तिच्यात जो सात दगड पाडतो त्यानेच ते रचायचे, आणि रचताना पाठीत चेंडू खायचा. वडिलांना दुसऱ्याच कुणी पाडलेलं रचावं लागलं, पाठीत चेंडू मात्र त्यांनीच खाल्ले.

हा खेळ खेळणाऱ्यांच्याही पलीकडे पूर्वी माणसं असत, हे मी घरी आल्यावर वाचलं. पिना उचलणारं यंत्र अमेरिकेतल्या बोलिंगच्या गल्ल्यांमध्ये सर्रास आलं ते 1950 च्या दशकात. तोवर गल्लीच्या टोकाला आडोशाला पोरं बसलेली असत. चेंडू आला की अंग चोरायचं, खाली उतरून पिना रचायच्या, चेंडू परत धाडायचा. टाळ्या खेळणाऱ्याला. ते वाचलं तेव्हा मला ती पोरं ओळखीची वाटली. पुढे यंत्र आलं आणि ती घरी गेली, हेही ओळखीचं वाटलं. आमच्या शाखेतही पासबुक छापणारं यंत्र आता दारातच उभं आहे.

डाव संपला. लेक एकशे बारा, ही शहाऐंशी, अस्मादिक एकोणचाळीस. मग चहा आला. त्याची किंमत मी पाहिली नाही, कारण हिने ते कार्डच उलटं करून ठेवलं होतं. कपात चमचा फिरवत लेक म्हणाली,

"बाबा, एक सांगायचं होतं. पहिल्या तारखेपासून मी दादरला राहीन म्हणते. ऑफिसातल्या दोघींबरोबर खोली घेतोय. रोजचे चार तास नाही झेपत हो."

म्हणजे पार्टी याची होती. पोरीला हे घरी सांगता येईना म्हणून तिने पदरचे पैसे मोडून आम्हाला निळ्या दिव्यांत आणून बसवलं होतं, आणि मी दारातच तिला पासाचा हिशेब सांगितला होता.

हिने माझ्याकडे पाहिलं. डिपॉझिट किती, भाडं किती, दारं-खिडक्या नीट आहेत का, घरमालक कोण, असे सतरा प्रश्न जिभेच्या टोकाशी रांगेत उभे होते. मी काउंटर बंद केला.

"बरं केलंस," म्हणालो. "गादी इथूनच घे. कर्जतहून लोकलमध्ये गादी चढत नाही."

लेकीने टेबलाखालून माझ्या नव्या मोज्यावर आपला पाय ठेवला. लहानपणी शाळेत जाताना स्कूटरवर ठेवायची तसा.

ती त्या दिवशी खोली पाहायला मैत्रिणीकडे थांबली. आम्हाला दादरला गाडीत बसवून दिलं. ठाणे, कल्याण, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी. डबा रिकामा होत गेला, तशी ही बोलू लागली. म्हणाली, "दहाच्या दहा पाडल्यान् हो पोरीने." मी म्हटलं, "हो." म्हणाली, "तुमचा अंगठा काय दिसत होता!" मी म्हटलं, "हो."

कर्जतला उतरलो तेव्हा शेजारच्या फलाटावर पुण्याची एक गाडी उभी होती. मागे इंजिनं जोडणं चाललं होतं. दणका बसला, गाडी हलली, आणि बँकर धापा टाकत तिच्यामागे घाटाकडे निघाले. आम्ही ती दिसेनाशी होईतो उभे राहिलो.

"चला," ही म्हणाली, "सकाळी बँक आहे."